जपानला एक्स्चेंजवर जाताय? हात-पाय चालवायची तयारी ठेवा

सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान बहुतेक पुणेकरांनी पाहिलेलं असतं. ते ज्या बागेच्या धर्तीवर केलंय, ती कोराकुएन बाग ओकायामा शहरात आहे, १७०० साली पूर्ण झालेली. बाग सुंदरच आहे. तरी पहिल्यांदा एक्स्चेंजवर, म्हणजे तिथल्या लोकांत राहून देवाणघेवाण करण्याच्या दौऱ्यावर, निघालेल्यांना मी सांगेन, की तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत जे ‘करून बघण्याचे’ तास असतात, त्यांची तयारी घरूनच करून जा. बागा तिकीट काढून कोणालाही बघता येतात. कोणाच्या तरी शेजारी बसून त्यांचं रोजचं काम शिकायला मिळणं दुर्मीळ.

मला सगळ्यात अवघड गेलेला आणि सगळ्यात आवडलेला तास उदोनचा. ओकायामाहून सेतो ओहाशी हा १९८८ साली खुला झालेला पूल ओलांडून ट्रेन तासाभरात ताकामात्सुला पोचते. हा कागावा प्रांत, सानुकी उदोनचं माहेरघर. उदोन म्हणजे गव्हाचे जाड नूडल्स. पीठ, मीठ, पाणी, बस्स. पण पीठ इतकं घट्ट भिजवतात की नुसत्या हातांनी ते मळलं जात नाही. मग गोळा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जमिनीवर ठेवतात आणि वर उभं राहून पायांनी तुडवतात.

आमच्यातले बरेचजण तिथेच अडले. अन्नाला पाय लागला तर लगेच नमस्कार करणारी आपण माणसं! शिकवणाऱ्या आजींना मी मोडक्यातोडक्या जपानीत तसं सांगितलं. त्यांनी घाई केली नाही. आधी स्वतः तुडवून दाखवलं: टाचेने दाब देत मधून कडेकडे जायचं, पीठ पसरलं की घडी घालून पुन्हा. मी पिशवीला हात लावून नमस्कार केला आणि चढले. थोड्या वेळाने पीठ बदलल्याचं तळव्यांनाच कळतं. आधी ते दाद देत नाही, मग हळूहळू कानाच्या पाळीसारखं लवचीक होतं. संकोच वाटला तर असा बोलून दाखवा. न बोलता कोपऱ्यात उभं राहिलात, तर यजमानांना वाटतं आपलंच काही चुकलं.

शाकाहारी असाल तर फॉर्मवर ‘व्हेजिटेरियन’ एवढं लिहून भागत नाही. रश्शात असतं दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, आणि ते बहुतेकदा सुक्या मासळीचं. ‘मासे घातलेलं दाशीही चालत नाही’ हे वाक्य जपानीत लिहून जवळ ठेवा. उकडलेल्या उदोनवर साधा सोया सॉस आणि कांद्याची पात घालून मी पोटभर जेवले.

चहाच्या समारंभासाठी महिनाभर आधीपासून वज्रासनात बसायची सवय करा, खरंच. तिथे बसायची पद्धत, सेइझा, म्हणजे जवळपास तेच, आणि पायाला मुंग्या आल्या की समोरच्या माच्चाकडे, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीच्या चहाकडे, लक्षच राहत नाही. सहन होईना तर विचारून मांडी घाला, कोणी रागावत नाही. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या आधीच काढा, वाडग्याला चरा पडू शकतो. अझुकीचं (बारीक लाल चवळीसारख्या कडधान्याचं) पुरण भरलेली मिठाई आधी खायची, चहा नंतर. वाडगा देताना त्याची देखणी बाजू तुमच्याकडे केलेली असते. तिला ओठ लागू नयेत म्हणून तो थोडा फिरवून मगच प्यायचं. दुसऱ्याच्या हातच्या वस्तूचा इतका मान राखणं मला फार भावलं.

युकाता, म्हणजे हलका सुती किमोनो, नेसताना डावी बाजू उजवीवर घ्या. उलट फक्त मृतांना नेसवतात. यजमानांच्या घरी आंघोळ करताना टबाबाहेरच साबण लावून, स्वच्छ धुऊन, मग टबात शिरायचं. टबातलं पाणी सोडून देऊ नका, घरातले सगळे त्याच पाण्यात बसतात. ततामीवर, म्हणजे खोलीतल्या जाड चटयांवर, चपला नाहीत आणि शौचालयाच्या चपला तिथेच ठेवायच्या. म्हणून मोजे चांगले, न फाटलेले न्या.

आपल्यालाही काहीतरी करून दाखवायला सांगतात. भाषणापेक्षा समोरच्यांना करता येईल असं निवडा. आम्ही लेझीम नेली होती. चार पावलं सावकाश शिकवली, तर शाळेतली मुलं सोडायलाच तयार होईनात. भेट म्हणून बाकरवडी उत्तम. ती नेताना पाकिटावर घटक लिहिलेले आहेत ना, बघून घ्या. हापूस मात्र कितीही मनात आला तरी बॅगेत टाकू नका. ताज्या फळांना तिकडे क्वारंटाइनचे कडक नियम आहेत, विमानतळावरच काढून घेतील.