‘स्वभावाला औषध नाही’ म्हणण्याआधी

माझ्या धाकट्या बहिणीला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार आहे, म्हणजे भावना पटकन भडकतात आणि नाती सारखी ताणली जातात. गोव्यात डिचोलीला आम्ही आई-बाबांसोबत एकत्र राहतो. हे लिहितेय ते तिच्या संमतीने. ‘नाटकं करते’ आणि ‘स्वभावच तसा’ या दोन वाक्यांपायी कितीतरी घरांची उपचाराची वर्षं वाया जातात, आणि मला ते बघवत नाही.

आधी पारख. राग, संशय, हट्ट, टापटिपीचं वेड थोडंफार सगळ्यांतच असतं. विकार म्हणतात तो या गोष्टी ताठर होऊन बसल्यावर. वागण्याची तीच ती तऱ्हा वयात येताना सुरू होते, वर्षानुवर्षं टिकते, घर, नोकरी, मैत्री सगळीकडे दिसते, आणि त्यात त्या माणसाची किंवा भोवतालच्यांची फरफट होते. वागणं अचानक पालटलं असेल तर कारण बहुधा दुसरंच असतं: नैराश्य, बायपोलर (मनःस्थिती टोकाची वरखाली होण्याचा आजार), थायरॉइड, नशा. ते डॉक्टर तपासतील. तुम्ही एक वही घाला. ‘आज वाईट वागली’ असं त्यात लिहू नका. ‘मैत्रिणीने फोन उचलला नाही, लगेच तिला ब्लॉक केलं, रात्री तिलाच माफीचे मेसेज’ असं लिहा. मनोविकारतज्ज्ञांना अशा नोंदींतून खूप कळतं.

प्रकारांबद्दल थोडक्यात. डीएसएम-५ (२०१३) या मानसिक विकारांच्या अमेरिकन नियमावलीत व्यक्तिमत्त्व विकारांचे १० प्रकार आहेत, तीन गटांत. पहिल्या गटात संशयी, एकलकोंडे, विक्षिप्त वागणारे. दुसऱ्यात भावनांचा भडका उडणारे, म्हणजे बॉर्डरलाइन, समाजविरोधी, हिस्ट्रिऑनिक (सतत लक्ष वेधून घेणारे), नार्सिसिस्टिक (स्वतःलाच मोठं समजणारे). तिसऱ्यात भित्रे, परावलंबी, काटेकोरपणाने स्वतःला जखडून घेतलेले. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीने, मात्र हे कप्पे काढले आणि विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे पाहायला सांगितलं. बॉर्डरलाइनची नोंद तेवढी वेगळी करता येते. मला हे जास्त पटतं. यादी वाचून सासूला किंवा साहेबाला नार्सिसिस्ट ठरवणं अन्यायाचं आहे.

कारण एकच असं नसतं. काही आनुवंशिक, काही जन्मजात हळवेपण, पुष्कळदा लहानपणीची आबाळ किंवा अत्याचार. त्यामुळे ‘आईने लाडावलं’ हे कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. देवळात कौल लावायचा, गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, पण अपॉइंटमेंट चुकवू नका.

जायचं कुठे? गोव्यात बांबोळीला गोमेकॉजवळ (गोवा मेडिकल कॉलेज) सरकारी मनोविकार संस्था आहे, तिची ओपीडी आहे. फोनवर बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर. मुख्य उपचार म्हणजे बोलून केलेली चिकित्सा. बॉर्डरलाइनसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी तयार केलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) सर्वांत परिचित: दर आठवड्याला थेरपिस्टची भेट, शिवाय भावना सावरायची कौशल्यं शिकवणारा गट. खुद्द विकारावर गोळी नाही; सोबतच्या नैराश्यावर, झोपेवर असते. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगा: बॉर्डरलाइनची बहुतेक माणसं काही वर्षांत बरीच सावरतात.

घरात काय करायचं, ते एका प्रसंगावरून सांगते. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी (गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवतात ती चौकट) बांधताना एका नातेवाइकाने तिला विचारलं, “अजून घरीच बसून?” तिने हातातली सुपारीची घडं खाली आपटली आणि खोलीचं दार लावून घेतलं. मी दाराशी गेले. ‘शांत हो’ म्हटलं नाही. म्हटलं, “सगळ्यांसमोर विचारलं ना? लागणारच तुला.” मग दुसरं वाक्य: “ओरडून बोलणार असशील तर मी थोड्या वेळाने येईन. हळू बोलणार असशील तर इथेच आहे.” तिने थेरपीत शिकलेलं केलं: श्वास रोखून चेहरा थंडगार पाण्यात काही सेकंद बुडवायचा, त्याने धडधड उतरते. (हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) तासाभराने बाहेर येऊन तिने घडं पुन्हा बांधली. भावना खरी मानायची, पण मर्यादा हलवायची नाही. दोन्ही एका दमात. मर्यादा ठरवायची ती सगळं निवांत असताना, आणि घरात सगळ्यांची एकच हवी. मी नाही म्हटलेले पैसे बाबांनी गुपचूप दिले की महिन्याची मेहनत पाण्यात.

जीव द्यायची भाषा झाली तर ‘नुसती धमकी’ म्हणू नका. सरळ विचारा, “मरावंसं वाटतंय का?” विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. गोळ्या आणि बागायतीचं फवारणीचं औषध कुलपात ठेवा, एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा. पोलिसांच्या भीतीने लपवू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, शिक्षा होत नाही, आणि उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

सांभाळणाऱ्यांनी पाळ्या लावाव्यात. आमच्याकडे रात्री अकरानंतरची हाक एक दिवस बाबांची, एक दिवस माझी. आणि आपल्यासाठीही समुपदेशक शोधा. मी महिन्यातून एकदा जाते, माझ्या नावाची फाइल वेगळी आहे.