गावात 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' दाखवायचा आणि त्यावर लोकांना बोलतं करायचं तर

शांतारामांचे रंगीत, नाचगाण्याचे पिक्चर सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण चीनला गेलेल्या सोलापूरच्या डॉक्टरवरच्या १९४६ च्या या काळ्यापांढऱ्या पिक्चरचं नाव कोणी काढतच नाही, आणि माझ्या मते माणूस म्हणून सगळ्यात जास्त हलवणारा त्यांचा पिक्चर हाच आहे. म्हणून म्हणतो, एकट्यानं मोबाईलवर नका बघू, गावात दाखवा.

तारीख आधी ठरवा. ९ डिसेंबरला कोटनीसांची पुण्यतिथी असते, पण तेव्हा आपल्याकडे कापसाची वेचणी जोरात, बाया दिवसभर वाकून दमलेल्या असतात, बसल्या जागी पेंगतील. हरभरा घरात आला, दहावी-बारावीचे पेपर संपले की ठेवा, फक्त बाजाराचा दिवस नको.

पडद्यापेक्षा समाजमंदिराची चुना मारलेली भिंत बरी. चादरच लावायची तर खालूनही ताणून बांधा, नाहीतर वारा आला की सगळ्यांची तोंडं हलतात. खरी अडचण आवाजाची असते. जुन्या पिक्चरचा आवाज आधीच पिचका, त्यात भजनी मंडळाचा सेट लावला आणि इको तसाच राहिला तर एक शब्द कळत नाही, म्हणून इको पूर्ण बंद, बेस कमी, आणि आदल्या रात्री सगळ्यात मागच्या सतरंजीवर बसून ऐकून बघा. लाईन जाणारच, इन्व्हर्टर मागून ठेवा.

सुरू करायच्या आधी दोन-तीन मिनिटं बोला, जास्त नाही. १९३७ मध्ये जपाननं चीनवर हल्ला केला, पुढच्या वर्षी काँग्रेसनं पाच डॉक्टर तिकडे पाठवले, तेव्हा अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यातले कोटनीस सोलापूरचे. आणि हे सांगायला विसरू नका की त्या पाचात एक डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे होते, एवढं ऐकलं की म्हातारे सरसावून बसतात. कोटनीसांचं काम स्वतः शांतारामांनी केलंय आणि चिनी नर्स झालीय शांतारामांची बायको जयश्री, तिला बघून पोट्टे हसतील, हसू द्या, थोड्या वेळानं आपोआप गप्प होतात.

साडेसातला लावा म्हणजे दहाच्या आत स्पीकर बंद होतो. मग उठू देऊ नका, चहा तिथंच फिरवा आणि माईक बाजूला ठेवून बोला, माईक हातात आला की माणूस भाषणच देतो. "कसा वाटला?" असं विचारलं तर "चांगला होता" म्हणून विषय संपतो. त्यापेक्षा खरी गोष्ट सांगून विचारा. कोटनीस चीनमध्ये असताना इकडे त्यांचे वडील वारले, तरी ते परत आले नाहीत. बस, एवढंच टाका आणि थांबा. "काऊन नाही आला बाप्पा? बापाच्या मातीले नाही यायचं?" इथून जे सुरू होतं ते थांबवू नका, कारण ज्यांची पोरं पुण्या-मुंबईला आहेत त्यांना हा प्रश्न स्वतःचाच वाटतो.

दुसरा प्रश्न शेवटाचा. पिक्चरमध्ये ते प्लेगनं जातात, खरं म्हणजे १९४२ मध्ये फिट्सच्या आजारानं गेले, वय फक्त ३२, घरी काही महिन्यांचं पोरगं. पिक्चरवाल्यांनी मरण बदललं ते बरोबर केलं का? मला विचाराल तर नाही, खरं मरणही तेवढंच मोठं होतं, पण हे मत तुम्ही आधी सांगू नका.

बोलायला पहिला मान आशाताईला नाहीतर नर्सबाईला द्या. रात्री-बेरात्री दुसऱ्याच्या दुखण्याला धावून जाणं काय असतं ते त्यांना माहीत असतं, आणि त्या बोलल्या की मागच्या बायाही बोलतात. सरपंच आणि गुरुजींना आधीच सांगून ठेवा की तुमचा नंबर शेवटी, ते पहिले बोलले तर बाकीचे नुसती मान हलवतात.