पार्टी पेमेंट लटकवते? आधी या चुका टाळा (गोव्यातल्या छोट्या धंदेवाल्यांसाठी)

कळंगुट-बागा पट्ट्यात हॉटेलांना, गेस्टहाऊसना, शॅकना (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या रेस्टॉरंटना) माल किंवा सर्व्हिस देणाऱ्या कुणालाही विचारा धंदा कसा चाललाय, उत्तर ठरलेलं, ऑर्डर भरपूर आहेत हो पण पैसे अडकलेत. पार्ट्या (म्हणजे माल घेणारी गिऱ्हाइकं) लटकवतात हे खरंच आहे, पण लोकांचे हिशेब बघताना मला दिसतं की गोची बऱ्याचदा आपल्याच टेबलावर सुरू झालेली असते.

बिल "महिनाअखेरीला एकदमच करूया"

५ तारखेला माल दिला, बिल ३० ला पाठवलं, पार्टी ३० दिवस धरणार ते बिल हातात पडल्यापासून, म्हणजे जवळजवळ दोन महिने गेलेच. खरं तर मालाचं टॅक्स इनव्हॉइस माल निघतानाच बनवायचं असतं. आणि जीएसटी बिलाच्या तारखेवर भरावा लागतो, मंथली रिटर्न असेल तर पुढच्या महिन्याच्या २० ला, तुमचे पैसे आलेत की नाही ते कुणी विचारत नाही. लाखाच्या बिलावर १८ टक्के म्हणजे १८ हजार आधी तुमच्या खिशातून.

बिल भलत्याच माणसाकडे

ऑर्डर देतो शेफ नाहीतर परचेसवाला, माल उतरवून घेतो स्टोअर आणि पैसे सोडतं अकाउंट्स. आपण बिलाचा फोटो शेफला व्हॉट्सॲप करतो, तो अंगठा टाकतो, आपण खूश. अकाउंट्सपर्यंत काहीच पोचलेलं नसतं. मोठ्या हॉटेलात पीओ (परचेस ऑर्डर) नंबर नसला तर बिल बाजूला पडतं, डिलिव्हरी चलानावर स्टोअरचा शिक्का नसून गेटवरच्या सिक्युरिटीची सही असली तरी तेच. अजून एक नेहमीचा घोळ, बिलावर हॉटेलच्या मुंबई ऑफिसचा जीएसटी नंबर टाकलेला असतो. गोव्याचा नंबर ३० ने सुरू होतो, २७ दिसला तर तो महाराष्ट्राचा, असं बिल हमखास परत येतं आणि ते सुद्धा तुम्ही फोन केल्यावरच कळतं. त्यामुळे पहिली ऑर्डर घेतानाच विचारून ठेवा: बिल कुणाच्या नावे, कुठल्या ईमेलवर, आणि पेमेंट कुठल्या तारखांना सुटतं.

सीझनचा हिशेब न धरणं

ही आपल्याकडची सगळ्यात महागडी चूक, आणि बाहेरचे सल्ले वाचून हे कळणार नाही. गिऱ्हाइकाच्या गल्ल्यात पैसा असतो तो नाताळ-न्यू इयर धरून एप्रिलपर्यंत. ३१ मे पर्यंत शॅक मोडावे लागतात, मग मॅनेजर गावी, कामगार गावी, फोन स्विच ऑफ. जूनमध्ये वसुलीला निघालात तर "पात्रांव, सीझन सुरू जातकच दितां" (साहेब, सीझन सुरू झाला की देतो) हेच ऐकू येणार, आणि ऑक्टोबरला त्या जागेवर कधीकधी दुसराच कोणी चालवायला बसलेला असतो. म्हणून मार्चपासून उधारीची मर्यादा कमी करत आणा, ३० दिवसांची १५ करा, मेमध्ये रोख किंवा ॲडव्हान्स. आणि चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) तुम्हालाही कामगारांना पैसे द्यायचे असतात, तेव्हा पावसातला खर्च मेच्या आत वसूल केलेल्या पैशातूनच काढायचाय हे धरून चाला.

आठवण करून द्यायला लाजणं

गोवा लहान, आज ज्याच्याकडे पैसे मागायचे तोच उद्या जत्रेत भेटणार, म्हणून भीड पडते. आणि मग तीन महिने गप्प बसून एक दिवस एकदम भांडण. त्यापेक्षा मुदत संपायच्या दोन-तीन दिवस आधी साधा मेसेज टाका:

"नमस्कार, बिल नं. ११२, रक्कम ₹१८,४००, शुक्रवारी ड्यू आहे. बिल आणि क्यूआर सोबत पाठवतोय. काही क्वेरी असेल तर आजच सांगा."

शेवटचं वाक्य गाळू नका, कारण "त्यात दोन नग कमी होते" हे कारण मग महिन्याने निघत नाही. "जमलं तर बघा", "सवडीने द्या" असलं मात्र लिहू नका, सवड कधी होत नसते.

डिस्काउंट देताना गणित न करणं

लवकर पेमेंटवर २ टक्के सूट ऐकायला बरी वाटते. ₹१०,००० चं बिल ४५ ऐवजी ७ दिवसांत मिळालं तर ३८ दिवस वाचले, तुमचा ओडी (बँकेचा ओव्हरड्राफ्ट) १२ टक्क्यांचा असेल तर वाचलेलं व्याज साधारण ₹१२५, आणि सूट दिली ₹२००. १ टक्का परवडतो. २ टक्के द्यायचेच असतील तर रडवणाऱ्या पार्टीला द्या, वेळेवर देणाऱ्याला कशाला.

कायदा माहीत नसणं, नाहीतर पहिल्याच दिवशी दाखवणं

उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, करा आणि नंबर बिलावर छापा. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक ठरवते तो दर) तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरात नियम आलाय की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो, त्यामुळे मार्चमध्ये त्यांचा सीए स्वतःच तुमचं बिल शोधत येतो. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या ट्रेडरला याचा फायदा नाही, हे माल बनवणाऱ्यांसाठी आणि सर्व्हिसवाल्यांसाठी. आणि वीस दिवस उशीर झाला म्हणून लगेच नोटीस नको, ऑर्डर जाईल.

अर्धवट पेमेंट तसंच जमा करून घेणं

₹५,००० आले, कुठल्या बिलाचे? त्याच दिवशी उत्तर टाका, "बिल ९८ मध्ये जमा केले, बाकी ₹७,२००, बरोबर ना?" त्यांचा लेखी होकार जपून ठेवा, कारण उधारीचा दावा साधारण तीन वर्षांतच करता येतो आणि त्या मुदतीत बाकी लेखी सहीनिशी मान्य केली तर मुदत नव्याने धरली जाते. व्हॉट्सॲपवर भागवण्यापेक्षा वर्षातून एकदा स्टेटमेंटवर शिक्का-सही घेतलेली बरी. चेक बाउन्स झाला तर बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी, "बघूया, परत टाकूया" करत ते दिवस घालवू नका.