सेल लाइन खरी कोणाची? एसटीआर करून बघा

सेल लाइन म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या एकाच मूळच्या पेशी. व्हायलवर (पेशींच्या छोट्या बाटलीवर) मार्करने एमडीए-एमबी-४३५ हे लाइनचं नाव लिहिलंय म्हणून आत ब्रेस्ट कॅन्सरच असेल असं धरून चालू नका. वर्षानुवर्षं ती ब्रेस्ट कॅन्सरची म्हणून वापरली आणि मग कळलं की ती एम१४ म्हणजे मेलानोमाची (त्वचेच्या कॅन्सरची) लाइन आहे. केबी, हेप-२, चँग लिव्हर या लाइन्स तर सरळ हेलाच (एका बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची जुनी लाइन) निघाल्या. हेला इतर लाइन्समध्ये घुसते हे स्टॅनली गार्टलर या जनुकशास्त्रज्ञाने १९६६ सालीच दाखवलं होतं, तरी चँगवर लिव्हरचे पेपर येतच राहिले, काय बोलणार!

मी पण शहाणी नव्हते. शेजारच्या लॅबमधून फ्लास्क आणला आणि आठ महिने त्यावर ड्रग टाकत बसले, एसटीआर (शॉर्ट टँडेम रिपीट, डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी टेस्ट) केलं तेव्हा ती लाइन भलतीच निघाली. म्हणून लाइन हातात आली की पहिलं हेच करा.

डीएनएत काही ठिकाणी छोटे तुकडे परत परत येतात, किती वेळा येतात ते माणसागणिक बदलतं, तेच मोजायचं असतं. पेशी पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुवून पेलेट करा (सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसवा), डीएनए काढा आणि सँपल एसटीआर करणाऱ्या फॅसिलिटीला द्या (पीसीआर म्हणजे त्या तुकड्यांच्या प्रती काढणं आणि कॅपिलरी म्हणजे त्यांची लांबी मोजणं, दोन्ही तिथेच होतं). किटमध्ये निदान आठ जुनी लोकाय (डीएनएतल्या मोजायच्या जागा) आणि अमेलोजेनिन (एक्स-वाय सांगणारा जीन) हवंच, जास्त असतील तर उत्तमच.

रिपोर्ट आला की नुसतं 'मॅच' वाचून फाइल बंद करू नका, आकडे स्वतः बघा. हेलाचं उदाहरण घ्या: डी५एस८१८ या जागेला ११,१२, टीएच०१ ला फक्त ७, आणि डी१३एस३१७ ला १२,१३.३ (प्रत्येक आकडा म्हणजे तुकडा किती वेळा आला ते, त्यालाच अलील म्हणतात). हा १३.३ दिसला की हेलाच्या शंकेने माझे तरी कान टवकारतात. मग सेलोसॉरस या सेल लाइन्सच्या ऑनलाइन डेटाबेसच्या क्लास्टर टूलमध्ये आकडे टाका. हिशोब सोपा आहे, जुळलेले अलील गुणिले दोन, भागिले दोन्हीकडच्या अलीलची बेरीज, अमेलोजेनिन धरायचं नाही. तुमचे १४, हेलाचे १५, जुळले १४, म्हणजे २८ भागिले २९, साधारण ९७ टक्के. या हिशोबाने ९० च्या वर असेल तर एकाच माणसाच्या पेशी धरतात, ८० च्या खाली वेगळ्या, मधलं आलं तर परत सँपल द्या.

बऱ्याच लोकायला तीन-तीन पीक (रिपोर्टच्या आलेखातले उंचवटे, एक पीक म्हणजे एक अलील) दिसले तर दोन लाइन्स मिसळल्यात. एकाच ठिकाणी तिसरा पीक असेल तर घाबरू नका, कॅन्सरच्या पेशींचे क्रोमोसोम असेही विस्कटलेले असतात. पुरुषाच्या लाइनमध्ये वाय क्रोमोसोम गायब असणं पण चालतं, पण हेलामध्ये वाय दिसला तर गडबड आहे.

आणि हो, यात मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारे बारीक बॅक्टेरिया) कळत नाही, उंदराच्या पेशी मिसळल्या असतील तर त्याही नाही, त्या टेस्ट वेगळ्या करा. लाइन बरोबर निघाली की लगेच दहा-बारा व्हायल फ्रीज करा, पॅसेज नंबर (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्या तो आकडा) लिहा, आणि पेपर पाठवायच्या आधी त्याच बॅचचं एसटीआर परत एकदा करून ठेवा, रिव्ह्यूअर मागतातच.