कोकणात गाडी घेऊन येताय? निदान या चुका टाळा

आमच्या मुरूडच्या पुळणीवर (दापोलीचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे) सुट्टीत कुणाची तरी गाडी रुतल्याशिवाय राहत नाही. गेल्या वर्षी एक जण दुपारी अडीचला भली थोरली गाडी घेऊन थेट पाण्याच्या कडेला गेला. मी म्हटलं, "अहो, आता पाणी चढायला लागेल." तर म्हणे, "काका, फोर बाय फोर आहे." फोटो झाले, पोरं पाण्यात खेळली. साडेचारला निघायला गेला तर मागची चाकं फिरतायत, गाडी जागची हलत नाही. त्याने अॅक्सिलरेटर दाबला, चाकं अॅक्सलपर्यंत आत गेली. ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दाराला लागलं होतं. गाडी निघाली, पण सीटखाली वाळू, वायरिंगमध्ये खारं पाणी. मालक मुकाट्याने चप्पल शोधत होता.

त्या दिवशी एकादशी होती, एवढं बघितलं असतं तरी पुरे होतं. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात: अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी अडीचच्या आसपास पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, तेव्हा पाणी जास्तच वर येतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणाही ओहोटीलाच करायची, तिथे तर गाडी नाही, माणूस जातो.

तरी रुतलातच, तर अॅक्सिलरेटरवरचा पाय आधी काढा. चाकांची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू उकरा, झावळ्या घाला आणि हळूच काढा. डांबरी लागली की हवा भरून घ्या. मी स्वतः मात्र गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे लावतो आणि चालत जातो. दोनशे पावलं चालायला कुणाचे पाय झिजत नाहीत.

मॅपवर आंधळा विश्वास ही दुसरी खोड. एका पाहुण्याला मॅपने आमच्या पाखाडीत, म्हणजे चालायच्या अरुंद दगडी वाटेत घातलं. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, पुढे पायऱ्या. आरसे मिटून अर्धा तास रिव्हर्स. शंका आली की दुकानात विचारा, आम्ही चावत नाही.

घाट उतरताना न्यूट्रल करू नका, पेट्रोल वाचत नाही, ब्रेक तापतात. चढणाऱ्याला आधी वाट द्या. माडाखाली गाडी लावू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा "ताजी सुरमई आहे ना?" विचारू नका.

आणि गुहागरला जाणार असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीची शेवटची वेळ सकाळीच विचारून ठेवा. ती चुकली की चिपळूणवरून वळसा, रात्रीचा, उपाशीपोटी. मागच्या सीटवर कोण काय बोलतं ते मग ऐकत बसा.