संदेश कसा पारखावा: खोट्या शिक्षणापासून विश्वास जपताना

खोटा शिक्षक पवित्र शास्त्र बाजूला ठेवून बोलत नाही, तो वचनच पुढे करतो. मंदिराच्या शिखरावर सैतानाने येशूला ९१वे स्तोत्र म्हणून दाखवले होते (मत्तय ४:६). येशूने त्याला शास्त्रातलेच दुसरे वचन ऐकवून गप्प केले. त्यामुळे ‘ते तर बायबलमधूनच सांगतात’ एवढ्यावर कोणावरही विसंबू नये. बिरुयातले लोक खुद्द पौलाचे शिक्षण दररोज शास्त्रात ताडून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली (प्रेषितांची कृत्ये १७:११). पारख करणे म्हणजे अविश्वास नव्हे.

वचन त्याच्या जागी वाचा

हे काम सर्वात महत्त्वाचे आहे, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. संदेश ऐकताना वही जवळ ठेवा. वक्त्याने घेतलेल्या प्रत्येक वचनाचा अध्याय आणि क्रमांक लिहून घ्या. घरी आल्यावर तो अध्याय पूर्ण वाचा, शिवाय त्याच्या आधीचा आणि नंतरचाही. मग स्वतःला विचारा: हे कोण बोलतो, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी? अर्थ अडला तर दुसरे भाषांतर उघडा. रोजच्या वाचनातल्या प्रतीशेजारी पंडिता रमाबाईंचे भाषांतर ठेवले तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

‘हिताचे संकल्प’ सांगणारे यिर्मया २९:११ हे वचन नोकरी, घर आणि व्हिसाच्या आश्वासनासाठी सर्रास वापरले जाते. त्याच्या आधीचे, दहावे वचन वाचा. बाबेलात बंदिवान असलेल्यांना देव तिथे ७० वर्षांची मुदत सांगतो. ऐकणाऱ्यांतल्या कित्येकांचा शेवट त्या परक्या भूमीतच होणार होता. वचन खरे आहे, आश्वासनही खरे आहे, पण ते महिनाभरात मिळणाऱ्या नोकरीचे नाही. फिलिप्पैकरांस ४:१३ चेही तसेच. ‘मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ असे पौल म्हणतो, ते उपासमार आणि विपुलता या दोन्हींत तृप्त राहण्याविषयी.

‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ (स्तोत्र १०५:१५) या वचनाकडे विशेष लक्ष द्या, कारण प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करायला तेच काढले जाते. त्या स्तोत्रात विषय आहे अब्राहाम, इसहाक आणि याकोब परमुलखात भटकत असताना देवाने केलेल्या त्यांच्या रक्षणाचा. पुढाऱ्याची चूक दाखवायला तिथे मनाई नाही. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला होता (गलती २:११).

येशू कोण, तारण कशाने?

हे दोन प्रश्न थेट विचारा. इ.स. ३२५ मध्ये निकीया येथे मंडळीचे अध्यक्ष (बिशप) जमले, कारण देवाचा पुत्र येशू हा निर्माण केलेला आहे असे एरियस नावाचा शिक्षक शिकवत होता. निकीयाचा आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे मंडळीच्या विश्वासाचे थोडक्यात कथन, पाठ असू द्या, ऐकलेले शिक्षण त्यांच्याशी ताडता येते. तारणासाठी ख्रिस्ताखेरीज त्या गटाचे सभासदत्व, पुढाऱ्याचा स्पर्श किंवा त्याला मिळालेले नवे प्रकटीकरणही लागते असे उत्तर आले, तर वेगळी सुवार्ता सांगणारा शापित असो, हे गलती १:८ समोर ठेवा. येशूच्या पुनरागमनाची तारीख सांगणाऱ्यासाठी मत्तय २४:३६ पुरेसे आहे: तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. २२ ऑक्टोबर १८४४ ला अमेरिकेत हजारो माणसे अशाच तारखेवर भरवसा ठेवून वाट पाहत राहिली होती.

बाप्तिस्म्याची पद्धत, अन्यभाषा (आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणे), उपासनेची रीत यांवर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. प्रत्येक मतभेदाला पाखंड म्हणू नका. तसे केले की खऱ्या धोक्याच्या वेळी तुमचे कोणी ऐकत नाही.

प्रार्थना करा, औषध चालू ठेवा

आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलवावे, असे याकोब ५:१४ सांगते. पण ‘गोळ्या घेणे म्हणजे विश्वास कमी’ असे कोणी म्हणाला, तर तिथून उठावे. क्षयरोगाचे उपचार साधारण सहा महिने आणि कधी त्याहून जास्त चालतात. मध्येच सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरच्यांनाही लागण होऊ शकते. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांतच जिवावर बेतते. मिरगीची गोळी अचानक बंद केली की झटके उसळतात. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, त्रफिमाला आजारी असताना मिलेतात मागे ठेवले, आणि लूक तर वैद्यच होता. बरे झाल्यासारखे वाटले तर तपासणी करून घ्या आणि औषध कमी करायचे का, ते डॉक्टरांना ठरवू द्या. रोग गेला की नाही हे त्या काळी याजक तपासत, आणि कुष्ठरोग्यांना येशूनेही ‘जाऊन याजकांना दाखवा’ असेच सांगितले (लूक १७:१४).

पैशाचा माग काढा

‘बीज पेरा, शंभरपट मिळेल’ असे सांगून थेट प्रक्षेपणात क्यूआर कोड दाखवला जातो. तो स्कॅन केल्यावर नाव संस्थेचे येते की एका व्यक्तीचे, ते पाहा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवले जातात. नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावे आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब मागा. सगळे विश्वस्त एकाच घरातले असतील तर सावध व्हा. सभेतल्या भरात काहीही देऊ नका, सात दिवस थांबा. ‘आजच दिले नाही तर आशीर्वाद जाईल’ हा दबाव टाकला जातो तो तुम्ही विचार करू नये म्हणूनच. यरुशलेमेसाठी जमवलेली वर्गणी पोहोचवताना पौलाने सोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला, कोणी दोष लावू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१).

घरातले कोणी अडकले असेल तर

आजारपण, बेकारी, अपत्य नसणे किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू, अशा काळातच माणसे ओढली जातात. नंतर त्यांना हळूहळू घरापासून आणि जुन्या मंडळीपासून तोडले जाते. म्हणून वाद घालून त्या तोडण्याला मदत करू नका. फोन, जेवण, नाताळ, वाढदिवस चालू राहू द्या. पुढाऱ्याला नावे ठेवण्यापेक्षा एकच वचन घेऊन तो पूर्ण अध्याय दोघांनी मिळून वाचा. सौम्यतेने शिकवावे, असे २ तीमथ्य २:२५ सांगते. पाळकांना लवकर कळवा. लैंगिक छळ, मारहाण किंवा फसवणूक झाली असेल, तर तो मंडळीत मिटवायचा विषय नाही. मेसेज, पावत्या आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट जपून पोलिसांत तक्रार करा. त्रास झालेले मूल असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा.