स्पोकच्या चाकातली ट्यूब काढायच्या आधी

ट्यूबला खिळा लागला की ती बऱ्याचदा फाटतेच, आणि हवा स्पोकच्या निपलांच्या (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांच्या) भोकांतून बघता बघता निघून जाते. घाटातल्या उतारावर मागचं चाक असं बसलं तर गाडी सावरायला फार थोडा वेळ मिळतो. ट्यूबलेसमध्ये खिळा रबरात रुतून राहतो, हवा सावकाश उतरते. हिमालयन ४११ किंवा एक्सपल्ससारख्या स्पोकच्या मोटरसायकली चालवणाऱ्यांना म्हणूनच ट्यूब नकोशी होते. ट्यूब काढायची, निपलांची भोकं आतून सील करायची आणि तेच चाक ट्यूबलेस करायचं, असा बेत असतो. इच्छा रास्त आहे, फक्त कामाचा क्रम चुकवू नका. आणि मोठी राइड ठरली असेल तर निदान दोन आठवडे आधी हे काम हातात घ्या.

सगळ्यात आधी टायरच्या बाजूवर काय छापलंय ते वाचा. तिथे ‘टीटी’ किंवा ‘ट्यूब टाइप’ असेल तर त्या टायरमधली ट्यूब काढायची नाही, रिम कितीही चांगली असली तरी नाही. ट्यूबलेस टायरला आतून ब्युटिल जातीच्या रबराचा थर असतो. हवा तो धरून ठेवतो. ट्यूब टायरमध्ये हे काम ट्यूबच करते, म्हणून तसा भरवशाचा थर त्यात दिलेला नसतो. हवा आतल्या धाग्यांच्या थरांत झिरपते, दाब उतरत राहतो, कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि तापतो. वेगात तापलेल्या टायरचे थर सुटू शकतात. ‘माझ्यात चार दिवस हवा टिकली’ असं कुणी सांगितलं तरी त्यावर जाऊ नका. हवा टिकणं वेगळं आणि भरल्या सामानानिशी ऐंशीच्या वेगाने दिवसभर पळणं वेगळं. त्याच मापाचा ‘टीएल’ म्हणजे ट्यूबलेस टायर घ्या. पुढे बेत बदलला तरी पैसे वाया जात नाहीत, कारण ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून चालवायला बऱ्याच कंपन्यांची परवानगी असते.

मग रिम. टायर उतरवल्यावर रिमच्या आतल्या बाजूला, टायरची कड बसते त्या जागेलगत बोट फिरवा. तिथे गोल फिरणारा उंचवटा लागला पाहिजे. रिमवरच्या मापात ‘एमटी’ असेल तर सहसा तो असतो, ‘डब्ल्यूएम’ असेल तर नसतो. हवा कमी झाल्यावर टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात घसरू न देणं, हे या उंचवट्याचं काम. तो नसेल तर निपल कितीही छान सील करा, वळणावर टायर रिमवरून सुटण्याचा धोका तसाच राहतो. उंचवटा नाही, तर ट्यूब राहू द्या. पुढच्या २१ इंची चाकाबद्दल माझं मत आणखी कडक आहे: त्याची ट्यूब घरगुती सीलिंगच्या भरवशावर काढूच नये. मागचं चाक घसरलं तर निदान सावरायची संधी असते, पुढचं गेलं की गाडी हातात राहत नाही.

सील करण्याआधी चाकाचा आउट (फिरताना होणारी डगमग) काढून घ्या, सैल स्पोक आवळून घ्या आणि खड्ड्यात दबलेली कड तपासा. नंतर निपल फिरवला तर सील तुटतं. त्यानंतर गंज आणि जुनी रिमपट्टी काढा, रिम घासा, तेलकटपणाचा अंशही ठेवू नका. प्रत्येक निपलवर सुकल्यावरही लवचिक राहणारा सीलंट लावा. कडक होणारी इपॉक्सी नको. स्पोक सतत किंचित हलतात आणि ती तडकते. वरून सीलिंग टेप एकसलग दाबत न्या. सीलंट पूर्ण पक्का व्हायला काही वेळा आठवडा लागतो, सीलंटच्या नळीवर लिहिलेली मुदत पाळा. दोन आठवडे म्हटलं ते यासाठीच.

व्हॉल्व्हसाठी रिमचं भोक मोठं करून घेऊ नका. नेहमीचा रबरी ट्यूबलेस व्हॉल्व्ह ११ मिलिमीटरहून मोठं भोक मागतो. ट्यूबच्या रिमला ते साधारण ८ मिलिमीटरचं असतं. त्या मापाचा, नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह मिळतो. तोच घ्या, म्हणजे वेळ आली तर ट्यूब परत नीट बसते.

टायर चढवल्यावर निपल, व्हॉल्व्ह आणि दोन्ही कडांवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडा दिसला तर टायर पुन्हा उतरवा. बाहेरून काही फासून भागवू नका. मग आठवडाभर रोज सकाळी गाडी थंड असताना स्वतःच्या गेजने हवा मोजा आणि जवळपासच्या रस्त्यांवरच फिरा.

हे सगळं नको असेल तर तयार ट्यूबलेस स्पोक चाकं घ्यावीत, आणि बजेट असेल तर मी तेच सुचवेन. बीएमडब्ल्यूने १९८७ च्या आर १०० जीएसवर स्पोक रिमच्या कडेला, हवेच्या जागेबाहेर बसवले आणि भोकांचा प्रश्नच मिटवला. हिमालयन ४५० ला आता कंपनीकडूनच ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय आहे.

बॅगेत पंक्चरच्या स्ट्रिप आणि पंप तर हवाच, पण मागच्या मापाची एक ट्यूब, टायर उतरवायच्या दोन टॉमी, मागच्या अ‍ॅक्सलचा पाना आणि त्या धातूच्या व्हॉल्व्हच्या नटाचा छोटा पानाही ठेवा. खड्ड्याने रिमची कड वाकली तर स्ट्रिप काही करू शकत नाही. तेव्हा व्हॉल्व्ह काढून ट्यूब घालायची, आणि घालण्याआधी टायरच्या आत हात फिरवून खिळा किंवा स्ट्रिपचं टोक राहिलेलं नाही ना, ते बघायचं.